दिवड आणि दोन अर्ज

सोमवारी मी वसाहतीच्या समितीला पत्र दिले. बुधवारी त्याची पोच मिळाली. पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी, बैठक न घेता आणि कोणाचेही म्हणणे न ऐकता, ईमेलवरून होकार गोळा करून ठराव मंजूर झाला. त्यानंतर आठ दिवसांनी, नागपंचमीच्या शनिवारी, सकाळी सव्वासात वाजता नाल्यावर यंत्र आले. तारखा माझ्या वहीत आहेत आणि समितीला लेखी दिलेल्या आहेत. वाचकाला वार पुरेसे आहेत. जबाबदार व्यक्ती चार. समितीचे सचिव मंदार, ज्यांनी एका कागदाचे पहिले पान सर्वांना पाठवले आणि दुसरे पाठवले नाही. अध्यक्ष, ज्यांनी ते पहिले पानही वाचले नाही. यंत्रचालक, ज्याला या देशाचा कायदा माझ्याआधी ठाऊक असायला हवा होता. चौथ्या व्यक्तीचे नाव मी योग्य जागी घेईन. ते टाळण्याचा माझा इरादा नाही.

हे पुस्तक माझ्या लहानपणाचे आहे, आणि त्यातले हे प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये का सुरू होते याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची काही शिरस्तेदार म्हणून. जे कागदावर आले ते घडले आणि जे कागदावर आले नाही ते घडलेच नाही, या एका नियमावर माझे आयुष्य चालले. पत्नी गेल्यानंतर मुलगी मेधा हिने मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. ती इथल्या हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करते. जावई गॅसच्या प्रकल्पावर असतात. साथ सुरू झाल्यावर त्यांच्या पाळ्या इतक्या लांबल्या की ते घरी पाहुण्यासारखे येत. मार्चमध्ये विमाने थांबली आणि माझे तीन महिने वाढत वाढत दोन पावसाळे झाले. व्हिसाच्या मुदतवाढीसाठी मी अकरा पत्रे लिहिली. मेधा म्हणाली, "बाबा, ऑनलाइन फॉर्म आहे, दहा मिनिटांचं काम." मी फॉर्म भरला आणि पत्रेही पाठवली.

घरात आम्ही तिघे: मेधा, तिची मुलगी आणि मी. मेधा शिफ्टवरून आली की बूट बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, आणि अंघोळ होईपर्यंत कोणी तिला शिवायचे नाही. लहानपणी आमच्या घरी सोवळे असे, त्याची मला आठवण होई. फरक इतकाच की हे सोवळे कारणासह होते. पंखा दिवसभर फिरत असे आणि त्याच्या एका पात्याचा टक-टक आवाज माझ्या वाचनाला ताल देत असे. दुपारी लष्करी विमाने घरावरून जात आणि शेल्फातले डबे किणकिणत. माझे वय आणि माझी छाती लक्षात घेऊन मेधाने मला दुकानांत, बसमध्ये, देवळात, सगळीकडे जायला मनाई केली होती. राहता राहिला घरामागचा नाला. आमच्या बारा घरांच्या वसाहतीचे सांडपाणी नव्हे, तर पलीकडच्या मैदानाला रोज घालतात त्या पाण्याचा पाझर त्यात उतरतो. त्यामुळे उन्हाळा-पावसाळा काहीही असो, तिथे गवत हिरवे असते, बेडूक असतात, आणि जिथे बेडूक असतात तिथे त्यांचा भोक्ताही असतो.

त्याला प्रथम पाहिले ते माझी नात ईरा हिने. ती नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचे आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचे असा आमच्यात न लिहिलेला करार आहे. "आजोबा, स्नेक! डोन्ट मूव्ह!" ती म्हणाली, आणि मी हललो नाही. हातभर लांब, काठीच्या जाडीचा, राखी-तपकिरी, अंगावर काळपट आडवे तुटक पट्टे. तो गवतातून वर आला, आम्हाला पाहून मान चपटी केली, मग पाण्यात उतरून निघून गेला. शेपूट मात्र जिथे निमुळती होत संपायला हवी तिथे अचानक तुटलेली होती. मी ईराला म्हणालो, "घाबरू नकोस. ही दिवड आहे."

वस्तुतः ती दिवड नव्हती. दिवडीची, आपल्याकडच्या निर्विष पाणसापाची, दूरची बहीण होती. इथे तिला कीलबॅक म्हणतात, कारण तिच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावरून होडीच्या कण्यासारखा एक कंगोरा जातो. हात फिरवला तर किसणीसारखा लागावा. विष नाही. कोणी धरले तर शेपटीचा तुकडा मागे सोडून पळते, आणि तो तुकडा पुन्हा उगवत नाही. आमच्या तिचीही शेपूट अशीच कोणा पक्ष्याच्या चोचीत गेली असावी. ईराने तिचे नाव स्टंपी ठेवले. तिचा एक विशेष असा की या मुलुखात बाहेरून आणलेले जे विषारी भेक, म्हणजे खरखरीत अंगाचे मोठे बेडूक, माजले आहेत, ज्यांना तोंड लावून कुत्रे मरतात, त्यांची पिल्ले ही खाते आणि जिवंत राहते. आमच्या नाल्यात ते भेक पुष्कळ होते. म्हणजे वसाहतीने जिला पगार द्यायला हवा होता अशी ती कर्मचारी होती.

आम्ही एक वही केली. डाव्या पानावर मी मराठीत लिही, उजव्या पानावर ईरा इंग्रजीत लिही आणि चित्र काढी. वेळ, हवा, कुठे दिसली, काय करत होती. इथला कोरडा हंगाम सुरू झाल्यावर एके सकाळी ती भुसभुशीत मातीच्या कडेला, वाळक्या पानांखालून बाहेर येताना दिसली, आणि तिची कूस बसलेली होती. मी म्हणालो, अंडी घातली असणार. ही जात अंडी घालते आणि निघून जाते. राखणीला बसत नाही. ईराला हे अजिबात पटले नाही. "देन वी हॅव टू," ती म्हणाली. त्या दिवसापासून राखण आमच्याकडे आली.

आता मंदारविषयी. तो पुण्याचा, संगणकातला माणूस, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. साथीच्या पहिल्या महिन्यात मला गोळ्या आणून देणारा तोच, हे मी नोंदवतो, कारण आरोपपत्रात अनुकूल बाबीही लिहाव्यात. एका संध्याकाळी तो दीड मीटर अंतर राखून कुंपणापाशी उभा राहिला.

"काका, ईरा सांगत होती नाल्यात साप आहे म्हणे."

"आहे. निर्विष आहे."

"तुम्हाला कसं माहीत? ऑस्ट्रेलियात सगळेच डेंजरस असतात, काका. आमची मीरा दोन वर्षांची आहे. ती तिकडेच पळते."

"मग तिला धरून ठेव. सापाला कशाला?"

तो हसला. "काका, तुम्ही कोर्टात होतात ना, आर्ग्युमेंटमध्ये मी हरणारच. नो वरीज. मी समितीला विचारतो फक्त."

तो गेला तेव्हा मला वाटले की समितीला तो सांगण्याआधी मी सांगितले पाहिजे, आणि रीतसर सांगितले पाहिजे. सोमवारचे पत्र ते हे. दोन पाने, सात मुद्दे. प्राण्याचे नाव, जात, निर्विषत्व. स्थानिक साप मारणे या देशात गुन्हा आहे याचे स्मरण. नको असल्यास साप धरून नेणाऱ्यांना एक फोन पुरतो, ही सूचना. अंडी फुटेपर्यंत त्या कडेला गवत कापू नये, ही विनंती. आणि जागेविषयी संदिग्धता राहू नये म्हणून सोबत एक नकाशा. आमच्या मागच्या दारापासून बावीस पावले, आंब्याच्या डावीकडे, नाल्याच्या कडेला. तिथे मी लाल शाईने बाण काढला, टोकाशी फुली मारली आणि तिच्याखाली लिहिले: अंडी. इंग्रजी ईराने लिहिले, कारण तिचे अक्षर सुवाच्य आहे. शेवटी मी लिहिले, 'कृपया नोंद घ्यावी.' नोंद झाली की संरक्षण झाले, हे मी छत्तीस वर्षे मानत आलो होतो.

नागपंचमीला माझी आई चूल पेटवी, पण तवा ठेवत नसे. त्या दिवशी चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, जमीन खणायची नाही. विळीसुद्धा आदल्या दिवशी धुऊन पालथी ठेवलेली असे. खायला पुरणाची दिंडे: कणकेच्या चौकोनी घड्या, आत पुरण, वाफेवर उकडलेल्या, वर तूप. मी या गोष्टी मानत नाही, पण दिंडे मानतो. मेधाची त्या शनिवारी सुट्टी होती आणि तिने आदल्या दिवशीच पुरण वाटून ठेवले होते. घरभर वेलदोड्याचा वास, झाकणाखाली वाफेचा आवाज. ईराने कागदावर स्टंपीचे चित्र काढून हळदकुंकू लावले होते. तिच्या मावशीने फोनवरून सुचवले की वाटीभर दूध ठेवा. मी म्हणालो, साप दूध पीत नाही. ठेवायचेच असेल तर बेडूक ठेव. ईरा हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आली. मला तिचे ते हसणे नेमके आठवते, कारण त्याच वेळी मागून घरघर सुरू झाली आणि मला वाटले, गवत कापायचे यंत्र असेल.

ते गवत कापायचे यंत्र नव्हते. लहान खोदकाम यंत्र होते, आणि मागे खडीचा ट्रेलर. आम्ही पोहोचलो तेव्हा आंब्याच्या डावीकडची कड सोलून निघाली होती. चालक खाली उतरला, गळ्यातला मास्क नाकावर ओढला आणि सौजन्याने म्हणाला, "स्टँड बॅक, मेट. स्नेक्स इन हिअर. गॉट वन ऑलरेडी." फावड्याच्या कडेला ती पडली होती. ओळख पटवायला शेपूट पुरेशी होती. मी विचारले, तुला ही नेमकी जागा कोणी दाखवली? त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून मला दिला. त्यावर बावीस पावले होती, आंबा होता, लाल बाण होता आणि माझ्या नातीच्या सुवाच्य अक्षरात एक शब्द होता.

चौथी जबाबदार व्यक्ती मी.

ईराने मातीतून अंड्यांची टरफले गोळा केली. ती कडक नसतात, ओल्या चामड्यासारखी असतात. तेरा तिने मोजली. काही अख्खी होती, पण दबलेली. तिने ती वहीच्या पानात ठेवली, वही मिटली आणि मला म्हणाली, "यू टोल्ड देम वेअर." एवढेच. दिंडे कोणी खाल्ली नाहीत. मेधाने ती डब्यात भरली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलंत." मला ते वाक्य माझ्या बाजूने वाटले नाही, न्यायालयात मी ते फार वेळा ऐकले आहे.

सोमवारी मी ठरावाची प्रत आणि त्याला आधार म्हणून जोडलेला कागद मागितला. कागद मिळवायला पाच पत्रे लागली. तो कागद एका सापाची माहिती देणारा, इंटरनेटवरून छापलेला, अमेरिकेतला होता. डावीकडे एक साप, उजवीकडे दुसरा. मंदारने डावीकडच्या सापाभोवती पेनाने गोल काढून लिहिले होते: सेम पॅटर्न. वर ठळक अक्षरात 'पाण्यातले विषारी साप' असे शीर्षक होते. मी तोच मजकूर शोधून दुसरे पान छापून घेतले आणि ते पुराव्यासारखे दोनदा वाचले.

डावीकडचा साप उत्तर अमेरिकेचा पाणसाप. तळी, ओढे, दलदली हे त्याचे घर. अंग दणकट, तपकिरी, लहानपणी पट्टे स्पष्ट आणि वयाबरोबर काळवंडत जाणारे, जसे जुन्या दस्तावरचे शिक्के. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर तो ऊन खात पडतो आणि चाहूल लागताच धपकन पाण्यात पडतो. मासे आणि बेडूक खातो. अंडी घालत नाही. उन्हाळा सरता सरता एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्ले देतो आणि तीही जन्मतः आपापल्या वाटेने जातात. थंडीत दगडांच्या भेगांत, दुसऱ्यांच्या बिळांत जाऊन पडतो. कोंडीत सापडला की डोके आणि अंग चपटे करतो, चावतो, घाण वास सोडतो, म्हणजे स्वतःला आहे त्यापेक्षा भयंकर दाखवतो. आणि तेच त्याच्या मुळावर येते. कारण त्या देशाच्या दक्षिणेतल्या दलदलींत त्याच्यासारखा दिसणारा एक खरोखर विषारी साप राहतो. उजवीकडचा फोटो त्याचा. लोक त्या एकाच्या भीतीने याला मारतात. जिथे तो विषारी साप कधीच नव्हता त्या उत्तरेकडच्या राज्यांतही मारतात. आणि दुसऱ्या पानाचे पहिलेच वाक्य असे होते की डावीकडचा साप निरुपद्रवी आहे, त्याला मारू नका.

म्हणजे समितीने परक्या देशातल्या एका निर्दोषाचे छायाचित्र दाखवून आपल्या देशातल्या दुसऱ्या निर्दोषाला शिक्षा दिली, आणि ज्या कागदावरून दिली तो कागद पूर्ण वाचला असता तर दोघेही सुटले असते. माझ्या नोकरीच्या काळात मी पुष्कळ वाईट निकाल पाहिले. इतका स्वच्छ वाईट निकाल दुसरा आठवत नाही.

हे मी ईराला समजावून सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि कित्येक दिवसांनंतर मला पहिला प्रश्न विचारला. "बट हाऊ डिड यू नो? फर्स्ट डे. यू डिडन्ट इव्हन लुक इट अप."

मी म्हणालो, "मला एकदा चावली होती. दिवड."

"रिअली? व्हेअर?"

मी उजव्या हाताची मधली दोन बोटे दाखवली. त्यांवर आता काही दिसत नाही. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "टेल." तिला जे सांगितले तेच खाली लिहितो. ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नव्हते.

माझे वडील मामलेदार कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली अर्ज लिहीत. ज्यांना लिहिता येत नसे, किंवा येत असूनही सरकारशी कसे बोलावे हे कळत नसे, ते त्यांच्यापुढे बसत. त्यांची बैठी पेटी, दौत, टाक आणि निळी टीपकागदाची घडी हे माझ्या बालपणाचे दैवत. घरात ते कमी बोलत. जे बोलत ते मसुद्यासारखे. आई भाकरी थापताना तो थापटल्याचा आवाज आणि वडिलांच्या टाकाची करकर या दोन आवाजांत आमची संध्याकाळ सरे. आम्ही ओढ्याच्या काठच्या आळीत राहत होतो. ओढ्याच्या वळणावर दादू भोयाची झोपडी होती. तो जाळी टाकी आणि पाण्यात बांबूचे पिंजरे लावून ठेवी. मासा आत जातो, बाहेर येत नाही. मला त्याच्याकडे जायला वडिलांनी मनाई केली होती. कारण सांगितले नव्हते. ते कारण सांगत नसत. मी रोज जात असे.

दादूनेच मला दिवड दाखवली. "ह्यो नाग न्हाई. मान फुगवतुया, पर फडा न्हाई. भ्याला की आसं करतुया. माणसावानीच. चावला तर दातांच्या चार वळी उठत्यात, बारीक. नागाचं दोन दात. इसरू नगंस." पिंजऱ्यातल्या माशांवर दिवडींचा डोळा असे, एखादी आत शिरून अडकलेली सापडली की दादू तिला शिव्या देत मोकळी करी. "खा ल्येका, तुजं बी प्वाट हाय."

एके दुपारी दादू झोपडीत नव्हता. मी पाण्यात उतरून त्याच्या पिंजऱ्यात हात घातला. मासा चोरायचा होता असे नाही. घालता येतो का हे पाहायचे होते. पण हात दुसऱ्याच्या पिंजऱ्यात होता, हे खरे. आत दिवड होती. बोटांना आग झाली, रक्त आले, मी ओरडत घरी पळालो. मिनिटाभरात आळी जमली. आईने पदर फाडून मनगट आवळले. कोणी मिरची चावायला दिली. तिखट लागली तर विष नाही म्हणत. लागली, पण मी सांगितले नाही. वडील कचेरीवरून धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी विचारले, "कुठे? काय पाहिलेस?"

पिंजरा म्हटले असते तर मनाई मोडल्याचे कळले असते. मी म्हणालो, "धुण्याच्या दगडापाशी. नाग. फणा काढला होता."

डॉक्टर आले, दोन तास बसले, मला काही झाले नाही म्हणून नाडी सोडून गेले. लोक म्हणाले, दैव बलवत्तर. आईने दिवा लावला. त्याच संध्याकाळी वडिलांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला. आळीतल्या एकोणीस जणांच्या सह्या आणि अंगठे. ओढ्याकाठी वाढलेली झुडपे आणि भोयाच्या झोपडीभोवती पडणारी माशांची घाण यांमुळे तिथे नागांचा वावर झाला असून एका बालकास दंश झाला आहे, सबब काठ साफ करून झोपडी हलवण्याची तजवीज व्हावी. तो अर्ज मी वाचला. भाषा उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी दादू आमच्या दारात उभा राहिला. त्याने माझा हात हातात घेतला, बोटे उन्हाकडे धरली आणि वडिलांना म्हणाला, "रावसाहेब, मोजा. चार वळी हाइत. दिवड हाय ही. काठावर नाग न्हाई, कवाच नव्हता." मग माझ्याकडे वळला. "सांग की रं, पोरा. कुटं चावली?"

वडिलांनी माझ्या बोटांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांना मोजता येत होते. मी खाली पाहत होतो. शेवटी ते म्हणाले, "अर्ज दाखल झाला आहे." दादूने माझा हात सोडला. तो पायरीवर ठेवलेली पागोट्याची घडी उचलून गेला. आठवड्याच्या आत माणसे आली. त्यांनी काठ तासला, सात दिवडी मारून बांधावर ओळीने ठेवल्या आणि झोपडीचे वासे पलीकडे टाकले. पोरे त्या सात सापांभोवती नाचली. मला मध्यभागी उभे केले होते. दादू नदीकडे कुठेतरी गेला असे म्हणत. मी त्याला पुन्हा पाहिले नाही, आणि शोधलेही नाही. वडील आणि मी त्या विषयावर एक शब्दही कधी बोललो नाही. पुढे मी न्यायालयात लागलो तेव्हा त्यांनी मला आपला टाक दिला. मी तो घेतला.

ईराने माझी बोटे पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाली, "डिड यू राइट टू हिम?"

"नाही."

"यू राइट टू एव्हरीवन."

हे विधान वस्तुस्थितीला धरून आहे. व्हिसा कचेरी, नगरपालिका, टपाल खाते, वीज मंडळ, वृत्तपत्रांचे संपादक, या सर्वांकडे माझ्या सह्या आहेत. एका माणसाकडे नाही. तो आता असण्याची शक्यता नाही; असता तर शंभरीच्या पुढे असता. पण पत्र पोहोचण्याची शक्यता नाही म्हणून ते लिहिण्याचे कर्तव्य संपत नाही, हे मी इतरांना इतक्या वेळा सुनावले आहे की आता मला त्यातून सूट मागता येणार नाही.

म्हणून त्या रविवारी मी दोन पाने वसाहतीच्या फलकावर लावली, जिथे हात धुण्याच्या सूचना लावतात तिथे. पहिल्यावर लिहिले की नकाशा मी काढला. माझा हेतू काय होता याला नाल्यातल्या तेरा टरफलांच्या दृष्टीने महत्त्व नाही. दुसऱ्यावर पिंजरा, बोटे, चार ओळी आणि दादू भोयाचे नाव. मराठीत मी लिहिले, इंग्रजी ईराने केले. तिने एके ठिकाणी थांबून विचारले, "आजोबा, शूड आय पुट 'लाइड'?" मी म्हणालो, तोच शब्द घाल. संध्याकाळी गाड्यांच्या शेडखाली लोक अंतर ठेवून उभे राहिले आणि मी दोन्ही पाने मोठ्याने वाचली. अध्यक्ष मध्येच घड्याळ पाहत होते. मंदार मीराला कडेवर घेऊन मागे उभा होता. वाचून झाल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, हे एवढं सगळ्यांसमोर कशाला? मला पर्सनली सांगायचंत. मलाही वाईट वाटलंच की."

ईरा माझ्या बाजूला वही घेऊन उभी होती. तिने ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा उघडली होती आणि उजवे पान कोरे धरले होते, लिहायच्या तयारीत.

मंदार, लेखीच सांगतो: तुला वाईट वाटले हे मी मान्य करतो. मीराची भीती खरी होती, हेही मान्य करतो. माझीही भीती खरी होती, त्या दारात, दादूने माझा हात धरला तेव्हा. खासगीत मलाही वाईट वाटले होते, साठ वर्षे. त्याचा दादूला काय उपयोग झाला ते वर लिहिले आहे. पुढच्या रविवारी, याच शेडखाली, याच बारा घरांसमोर, सापांच्या त्या छापील कागदाचे दुसरे पान हातात घेऊन उभा राहा आणि पहिले वाक्य मोठ्याने वाच. मग सांग की ते तू का पाठवले नाहीस. मी माझे उत्तर दिले आहे. आता तुझे दे.